लाँगयरब्येन ते उत्कियाग्विक: अंतर ३,३८० किमी, मग प्रवासाला दीड दिवस का?

प्रश्न थोडक्यात असा: नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयरब्येनहून अलास्कातल्या उत्कियाग्विकला जायचं तर विमानाचं अंतर किती आणि वेळ किती? अंतर सगळीकडे ३,३८० किमीच्या आसपास दिसतं. वेळ मात्र एके ठिकाणी ४ तास १२ मिनिटं, दुसरीकडे ४ तास ४२ मिनिटं, तिसरीकडे पावणेसात तास. आणि तिकीट शोधायला गेलं की तीस तासांपेक्षा लांबचे प्रवास समोर येतात. यातलं खरं कोणतं?

अंतर खरं आहे. पहिल्या तिन्ही वेळा एकाच भागाकाराची उत्तरं आहेत, फक्त भाजक किंवा वर मिळवलेली भर वेगळी. आणि तिकिटाच्या संकेतस्थळावर दिसणारा प्रवास हाच तुम्हाला प्रत्यक्षात करावा लागेल, कारण या दोन गावांमध्ये नियमित थेट विमान नाही. माझं काम फ्लाइट डिस्पॅचचं. विमान निघण्याआधी मार्ग, इंधन आणि पर्यायी विमानतळ ठरवायचे. त्यामुळे हे आकडे कुठून येतात आणि कुठे फसवतात, ते जरा फोडून सांगतो.

आधी अंतर. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर लाँगयरब्येन वरच्या बाजूला मध्याच्या जरा उजवीकडे आणि उत्कियाग्विक पार डाव्या कडेला असतं. पट्टी ठेवून रेघ मारली तर ती ग्रीनलँड आणि कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांवरून जाते. होकायंत्राची दिशा न बदलता त्या रेघेवरून गेलात तर सुमारे ५,००० किमी पडतात. आता पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही गावांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा थेट उत्तर ध्रुवाकडे जातो, ध्रुवापासून साधारण ११० किमीवरून निसटतो आणि पलीकडे उतरतो. हे ३,३८० किमी. म्हणजे विमान लाँगयरब्येनहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघतं आणि कुठेही वळण न घेता जवळजवळ सरळ दक्षिणेला जात उत्कियाग्विकला पोहोचतं. दोन्ही गावांच्या रेखांशांत १७२ अंशांचा फरक आहे, म्हणजे ती ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत. म्हणून नकाशावर लांब, गोलावर जवळ.

हा हिशोब करायला पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल धरतात. खरी पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे: विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवावर ६,३५७ किमी. त्यामुळे गोल धरून काढलेलं अंतर जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याने चुकतं. प्रवाशाला त्याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो अक्षांश-रेखांश चुकीचे भरले की, आणि दुर्गम विमानतळांच्या बाबतीत ही चूक वाटते त्याहून जास्त वेळा होते. ७८ अंश १५ मिनिटं याचे दशांशात ७८.२५ होतात, कुणी ७८.१५ भरलं की ११ किमीची चूक झाली. पूर्व-पश्चिमेची चूक याहून वाईट. मध्य अक्षांशांवर पश्चिम रेखांश पूर्व म्हणून टाकला तर उत्तर इतकं वेडंवाकडं येतं की लगेच डोळ्यांत भरतं. ध्रुवाजवळ तसं होत नाही. उत्कियाग्विकचा १५६.८ पश्चिम रेखांश पूर्व म्हणून टाकून बघा, अंतर ३,२०० किमी येतं. ठिकाण रशियाच्या उत्तरेला जाऊन पडलं, पण आकडा बघून कुणाला शंकाही येणार नाही. म्हणून कुठलाही आकडा वापरण्याआधी त्याच पानावरच्या नकाशात टाचणी नेमकी कुठे लागली आहे ते बघा.

विमानतळाचा कोडही तपासा. उत्कियाग्विकचं नाव २०१६ पर्यंत बॅरो होतं आणि तिकिटावरचा तीन अक्षरी कोड आजही बीआरडब्ल्यू हाच आहे. लाँगयरब्येनचा एलवायआर. लहान धावपट्ट्यांना बरेचदा तीन अक्षरी कोडच नसतो. तिथे चार अक्षरी कोड बघायचा, कारण त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून प्रदेश कळतो: ईएन म्हणजे नॉर्वे, पीए म्हणजे अलास्का, बीजी म्हणजे ग्रीनलँड. नावावर मात्र भरवसा ठेवू नका. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी कॅनडाच्या नोव्हा स्कोशातही आहे, आणि तिथे चुकून उतरलेले प्रवासी आहेत.

आता वेळ. बहुतेक संकेतस्थळं अंतराला एका ठरावीक वेगाने भागतात. ३,३८० ला ताशी ८०५ किमीने, म्हणजे ताशी ५०० मैलांनी, भागलं की ४ तास १२ मिनिटं. कुणी त्यात उड्डाण आणि उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास मिळवतं, की झाले ४ तास ४२ मिनिटं. पंख्याचं टर्बोप्रॉप विमान धरून ताशी ५०० ने भागलं की पावणेसात तास. तिन्ही ठिकाणी ना मार्ग बघितलाय, ना वारा, ना हे अंतर कापणारं विमान त्या धावपट्टीवर उतरतं का ते.

अर्ध्या तासाची ही भर किती आंधळी असते ते बघायचं असेल तर स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांकडे वळा. वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये १९६७ पासून नियमित विमानसेवा आहे. अंतर २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटं, आणि वाऱ्याने साथ दिली तेव्हा ५३ सेकंदांत पार पडल्याची नोंद आहे. वरचं सूत्र इथे लावलं तर १२ सेकंदांचं उड्डाण अधिक अर्धा तास असं उत्तर येतं. छोटं आयलँडर विमान धावपट्टीच्या टोकाशी वळतं, उठतं आणि समोरच्या बेटावर टेकतं. तिथे अर्धा तास घालवायला जागाच नाही. उलट मोठ्या, गजबजलेल्या विमानतळावर विमान जागेवरून धावपट्टीपर्यंत न्यायलाच वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि तो अर्धा तास तोकडा पडतो. वेळापत्रकात छापलेली वेळ ही जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. हवेतला वेळ त्यापेक्षा कमी. दोन संकेतस्थळांची तुलना करताना एकाने हा दिलाय आणि दुसऱ्याने तो, असं सर्रास असतं.

वाऱ्याचं गणित थोडं निवांतपणे बघायला हवं. त्यासाठी चिलीतलं सँतियागो आणि पॅसिफिकमधलं ईस्टर बेट ही जोडी चांगली आहे: अंतर ३,७५० किमी, मध्ये फक्त समुद्र. विमानाचा हवेतला वेग ताशी ८५० किमी धरा आणि पश्चिमेकडून ताशी १०० किमीचा वारा. बेटाकडे जाताना वारा समोरून, म्हणून जमिनीवरचा वेग ७५० आणि वेळ बरोबर ५ तास. परत येताना ९५०, वेळ ३ तास ५७ मिनिटं. एकाच अंतराला तासाचा फरक. वारा नसता तर जाऊन-येऊन ८ तास ४९ मिनिटं लागली असती. वाऱ्यात ८ तास ५७ मिनिटं लागतात. येताना मिळणारा फायदा जाताना झालेलं नुकसान कधीच पूर्ण भरून काढत नाही, कारण विमान समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ राहतं. म्हणून ‘दोन्हीकडची सरासरी घेतली की झालं’ हा हिशोबही थोडा कमीच पडतो.

ध्रुवावरच्या मार्गाला हा पूर्व-पश्चिमेचा ठोकताळा तसाच लावता येत नाही. तिथे वरचे वारे ध्रुवाभोवती फिरतात, त्यामुळे ध्रुवावरून आरपार जाणाऱ्या विमानाला ते बरेचदा बाजूने लागतात. वेळेवर परिणाम होतो, पण अटलांटिकसारखा तासातासाचा नाही. तिथे थंडीचा हिशोब मात्र वेगळा. जेट विमान ध्वनीच्या वेगाच्या ठरावीक प्रमाणात उडतं आणि हवा थंड झाली की ध्वनीचा वेग कमी होतो. उणे ५६ अंशांवर मॅक ०.७८ (ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट) म्हणजे ताशी सुमारे ८२८ किमी. उणे ७० वर तोच मॅक म्हणजे ८०० च्या जरा वर. आपल्या ३,३८० किमीवर सात-आठ मिनिटं इथेच गेली.

म्हणजे शांत हवा, सरळ मार्ग आणि साधारण जेट विमान धरलं तर ब्लॉक टाइम साडेचार तासांच्या आसपास, हे माझं उत्तर. कुणी दोन-तीन मिनिटांच्या अचूकतेने सांगत असेल तर ती अचूकता कॅल्क्युलेटरची आहे.

‘साडेचार तासांचंच तर आहे, मग कुणी उडवत का नाही?’ असा पुढचा प्रश्न येतो. उत्तरात पहिली गोष्ट अर्थातच प्रवासी. दोन लहान गावं, एकमेकांशी रोजचा काही व्यवहार नाही. रोज काय, महिन्यालाही विमान भरणार नाही. पण समजा कुणी चार्टर करायचं, म्हणजे अख्खं विमान भाड्याने घ्यायचं ठरवलं, तर माझ्या टेबलावर काय येतं ते बघा.

पहिला सवाल: उत्कियाग्विकला धुकं असेल तर उतरायचं कुठे? जवळचं डेडहॉर्स सुमारे ३३० किमीवर, पण तोच समुद्रकिनारा आणि हवामानही बरेचदा तसंच. उलट दिशेने येताना लाँगयरब्येन बंद निघालं तर मुख्य भूमीवरचं ट्रॉम्सो ९५० किमीच्या आसपास. म्हणजे ३,३८० च्या प्रवासासाठी साधारण ४,३३० किमीचं इंधन, त्यावर वाटेतल्या अनपेक्षित खर्चासाठी सर्वसाधारणपणे ५ टक्के आणि शेवटी हात न लावायचं ३० मिनिटांचं राखीव. इतकं इंधन भरलं की विमान जड होतं आणि माणसं किंवा सामान कमी करावं लागतं. ज्याची रेंज कागदावर ४,००० किमी लिहिलेली असते ते विमान ३,३८० किमीच्या या मार्गाला अपुरं ठरतं ते असं.

दुसरा सवाल मधल्या टप्प्याचा. अर्ध्यावर एक इंजिन बंद पडलं तर दोन्ही टोकं १,६९० किमीवर. एका इंजिनवर ताशी ७४० किमीचा वेग धरला तरी सव्वादोन तास. दोन इंजिनांच्या व्यावसायिक विमानाला कुठल्याही क्षणी वापरण्याजोग्या विमानतळापासून ठरावीक मिनिटांच्या आत राहावं लागतं. मूळ मर्यादा ६० मिनिटांची. १९८५ पासून खास परवानगीने १२०, पुढे १८० झाली आणि आज काही विमानांना ३०० मिनिटांच्याही वर आहे. म्हणजे १२० मिनिटांच्या परवानगीवर ही सरळ रेघ बसत नाही. नकाशावर कॅनडाचं अलर्ट आणि ग्रीनलँडचं स्टेशन नॉर्ड दिसतं खरं. पण धावपट्टी दिसली म्हणून ती माझ्या यादीत येत नाही. दिवे आहेत का, अग्निशमन आहे का, हवामानाचा अहवाल कोण देणार, परवानगी आहे का, आणि उतरलेल्या माणसांना उणे तीसमध्ये ठेवणार कुठे? अमेरिकी नियमांत ७८ अंश उत्तरेच्या पलीकडे जाणाऱ्या विमान कंपन्यांना हे शेवटचं उत्तर आधीच लेखी द्यावं लागतं, प्रवाशांना तिथून परत कसं आणणार त्यासकट. लाँगयरब्येन स्वतःच ७८ अंश १५ मिनिटांवर आहे.

तिसरं इंधनाचं तापमान. अमेरिकेत सर्रास मिळणारं जेट ए उणे ४० अंशांना गोठतं, बाकी जगात वापरलं जाणारं जेट ए-१ उणे ४७ ला. टाकीतलं इंधन गोठणबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर ठेवायचं असतं. ते खाली सरकू लागलं की वैमानिक उष्ण हवेच्या थरात उतरतो किंवा वेग वाढवतो, आणि दोन्हीत इंधन जास्त जळतं. म्हणजे एकच विमान अलास्कात इंधन भरून निघालं आणि नॉर्वेत भरून निघालं, तर हिवाळ्यात त्याच मार्गाचे दोन वेगळे आराखडे होऊ शकतात. संपर्काचं थोडक्यात: विषुववृत्तावरचे उपग्रह साधारण ८२ अंशांपलीकडे नीट दिसत नाहीत, तिथे उच्च वारंवारतेचा रेडिओ किंवा ध्रुवावरून फिरणाऱ्या उपग्रहांचं जाळं लागतं. सौर वादळ आलं की रेडिओ जातो आणि त्या दिवशी मार्ग दक्षिणेला ढकलावा लागतो. चुंबकीय होकायंत्र तर तिथे धरायचंच नाही.

पर्यायी विमानतळ अजिबातच नसेल तर काय? ईस्टर बेटाचं तेच आहे. अशा एकाकी विमानतळासाठी पर्यायाऐवजी दोन तासांचं जादा इंधन न्यायचा नियम आहे, आणि वाटेत एक बिंदू ठरवतात, त्यापुढे गेलं की उतरायचं ते बेटावरच. समान वेळेचा बिंदू याहून वेगळा: तिथून पुढे जायला आणि मागे फिरायला सारखाच वेळ लागतो. वरच्या वाऱ्याच्या उदाहरणात तो मध्यावर १,८७५ किमीला नसतो, सँतियागोपासून सुमारे २,१०० किमीवर असतो, कारण मागे फिरलं तर वारा पाठीशी येतो. पर्याय फार लांब असण्याची किंमत दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेनाच्या सेवेत दिसते. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे नियमित विमान सुरू झालं ते जोहान्सबर्गहून, पण वाटेत नामिबियात थांबा घेऊन. तिथल्या आडव्यातिडव्या वाऱ्यामुळे उतरता आलं नाही तर परत मुख्य भूमीपर्यंत येण्याइतकं इंधन हवं, म्हणून शेवटच्या टप्प्याआधी टाकी भरून घ्यायची. संकेतस्थळावरच्या जोहान्सबर्ग–सेंट हेलेना अंतरात हा थांबा कुठेच दिसत नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रवासाकडे. लाँगयरब्येनहून ऑस्लो सुमारे २,००० किमी; काही विमानं ट्रॉम्सोला थांबून जातात. स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे आपापसांत पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, त्यामुळे नॉर्वेच्या मुख्य भूमीवर येतानाही पासपोर्ट लागतो. वेळ धरताना ती रांगही धरा. ऑस्लोहून ॲमस्टरडॅमसारखा एखादा मोठा विमानतळ, तिथून सिएटल सुमारे ७,८५० किमी, सिएटल ते अँकरेज २,३३०, आणि अँकरेज ते उत्कियाग्विक सुमारे १,१६५. बेरीज १४,००० किमीच्या वर, म्हणजे सरळ अंतराच्या चौपटीहून जास्त. हवेतले तास वीसच्या आसपास, बाकी थांबे. कनेक्शन छान जुळली तर तीस-बत्तीस तास, एखादं चुकलं की दोन दिवस. आणि हे फक्त आजचं चित्र आहे. धावपट्टी बदलली की प्रवास बदलतो, अंतर तेवढंच राहतं. ग्रीनलँडच्या नूकला नोव्हेंबर २०२४ मध्ये २,२०० मीटरची धावपट्टी सुरू झाली. त्याआधी कोपनहेगनहून येणारं मोठं विमान कांगरलुसुआकला उतरायचं आणि तिथून लहान विमानाने नूक गाठावं लागायचं. आता थेट जाता येतं.

घड्याळाचा घोळ वेगळा. लाँगयरब्येन आणि उत्कियाग्विकमध्ये १० तासांचा फरक आहे. साडेचार तासांचं काल्पनिक थेट विमान सकाळी १० ला निघालं तर त्याच दिवशी पहाटे साडेचारला पोहोचेल. त्यातही मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या अखेरीस काही दिवस हा फरक ९ तासांचा होतो, कारण युरोप आणि अमेरिका घड्याळं वेगवेगळ्या रविवारी सरकवतात. याहून गमतीची जोडी सामोआ आणि अमेरिकन सामोआ. विमान अर्ध्या-पाऊण तासाचं, पण मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा, जी ओलांडली की तारीख बदलते. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि रेषेच्या दुसऱ्या बाजूला गेला. आता तिथून मंगळवारी निघालेला माणूस सोमवारी उतरतो. पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा करून उड्डाणाचा वेळ काढणारी संकेतस्थळं अशा ठिकाणी हमखास गोत्यात येतात. आधी दोन्ही वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणा, मग वजाबाकी करा.

तिकीट काढताना शक्यतो सगळे टप्पे एकाच बुकिंगवर घ्या, म्हणजे एक विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीची जबाबदारी राहते. दुर्गम टोकाकडचं शेवटचं विमान दिवसातून किती वेळा आहे, रोज आहे की आठवड्यातून काही दिवस, ते सगळ्यात आधी बघा आणि बाकी प्रवास त्याच्या मागे लावा. लोक मोठं विमान आधी ठरवतात आणि मग शेवटच्या टप्प्यासाठी एक रात्र लॉबीत काढतात.

आणि चार्टरचाच विचार असेल तर किंमत ३,३८० किमीवर ठरत नाही. समजा विमान ऑस्लोचं आहे. ते रिकामं २,००० किमी येऊन तुम्हाला घेणार, ३,३८० किमी नेऊन सोडणार आणि उत्कियाग्विकहून ऑस्लोला सुमारे ५,३५० किमी रिकामं परत जाणार. एकूण पावणेअकरा हजार किमीच्या जवळपास उड्डाण, त्यातलं तुमचं एक तृतीयांशही नाही, पण पैसे सगळ्याचे. त्यात वैमानिकांचे ड्युटीचे तास संपले तर मुक्काम, आणि विमानतळ कामाच्या वेळेबाहेर उघडायला लावला तर त्याचं शुल्क वेगळं. ऑपरेटरला विचारताना माणसं किती, प्रत्येकाचं सामानासकट वजन किती, आणि तारीख दोन-तीन दिवस पुढेमागे चालेल का, एवढं आधीच लिहून पाठवा. उतरायच्या ठिकाणी कस्टम्स आणि इमिग्रेशनची सोय त्या तारखेला मिळणार आहे का, हे त्याच्याकडून लेखी घ्या. ती नसेल तर विमानाला आधी दुसरीकडे उतरावं लागेल, आणि मग वरचं सगळं गणित नव्याने मांडावं लागेल.